पेढी, ऊस आणि कारखाना

दसरा झाला की आपल्या गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडच्या गावांतून ट्रक निघतात. ट्रकमध्ये भांडीकुंडी, पिठाचे डबे, एखादी शेळी, लेकरे आणि कोयते. गाव निम्मे रिकामे होते. मागे राहतात म्हातारी माणसे आणि दारांना कुलपे. ही मंडळी ऊस तोडायला जातात. कोणी अहिल्यानगरकडे, कोणी पुणे-साताऱ्याकडे, कोणी पार कर्नाटकात.

असेच एकदा आम्ही रात्रीच्या वर्गात 'साखर' हा शब्द शिकवत होतो. सा, ख, र. सगळ्यांनी पाटीवर लिहिला. मागच्या ओळीतल्या एका मावशींनी पाटी खाली ठेवली आणि विचारले, "गुर्जी, ऊस आम्ही तोडतोत, मोळ्या आम्ही बांधतोत, गाडीत बी आम्हीच भरतोत. मग कारखाना कोनाचा असतो?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर एका वाक्यात देता येईना. कारखाना कधी एका घराण्याचा असतो, कधी हजारो शेतकऱ्यांचा असतो. कधी नाव एकाचे आणि सत्ता दुसऱ्याची, असेही असते. म्हणून आम्ही त्यांना एका घराण्याची हकिकत सांगितली. तीच येथे लिहून देत आहोत.

आधी थोडे मागे जाऊ. आपल्याकडे ऊस फार जुना. पण आपले लोक त्याचा गूळ करीत. गुऱ्हाळ लावायचे, बैल घाण्याला जुंपायचे, रस कढईत आटवायचा, की झाली ढेप. पांढरी, दाणेदार साखर मात्र बाहेरून येई. कोठून? बेटांवरून. बेट म्हणजे चारी बाजूंनी समुद्र असलेली जमीन. एक बेट जावा आणि दुसरे मॉरिशस. मॉरिशसची साखर मुंबई बंदरात उतरे. तिला आपले लोक 'मोरस साखर' म्हणत. मॉरिशसचे झाले मोरस! घरात एखादी फार जुनी आजी असेल तर तिला विचारून पाहा, हा शब्द तिच्या कानावरून गेलेला असेल.

त्या मॉरिशस बेटावर उसाचे मळे बहुतेक फ्रेंच वंशाच्या मोठ्या घराण्यांच्या हातात होते. मळाही त्यांचा आणि गिरणीही त्यांचीच. तोडणीला माणसे मात्र हिंदुस्थानातून नेली. १८३४ सालापासून ती जहाजांत बसून जाऊ लागली. बिहारकडची पुष्कळ, मद्रासकडची होती, आणि आपल्या कोकणातलीही होती. कागदावर अंगठा घ्यायचा आणि अमुक वर्षे काम करण्याचा करार करायचा. या कराराला लोक 'गिरमिट' म्हणत. कागदात काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला क्वचितच कळे. मुदत संपल्यावर बरेच जण तिकडेच राहिले. त्यांच्या नातवंडा-पणतवंडांत मराठी बोलणारी, गणपती बसवणारी घरे आजही मॉरिशसमध्ये आहेत.

म्हणजे बघा, साखर बेटावरची, मालक परका, जहाज परके आणि हात आपले. ही साखर आपल्याच देशात, आपल्याच माणसांनी का करू नये, असे ज्यांच्या मनात आले त्यांच्यापैकी एक होते सोलापूरचे वालचंद हिराचंद दोशी.

दोशी हे जैन व्यापारी घराणे. त्यांचे पूर्वज गुजरातेतल्या वांकानेरकडून आले आणि सोलापुरात स्थायिक झाले. कापड, सूत, कापूस आणि सावकारी असा पेढीचा व्यवहार होता. पेढी म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे. गादी, लोड, लाल खातेवही आणि घरचीच माणसे. बापाने बसायचे, मुलाने शिकायचे, पुतण्याने वसुलीला जायचे. वालचंदांचा जन्म १८८२ सालचा. वडील हिराचंद नेमचंद हे व्यापारी तर होतेच, शिवाय समाजसुधारणेची आवड असलेले गृहस्थ होते. 'जैन बोधक' हे पत्र त्यांनी सुरू केले.

वालचंद मुंबई-पुण्याला कॉलेजात गेले, पण पदवी न घेता परत आले. त्यांना पेढीवर बसून व्याज मोजण्यात गोडी वाटेना. लक्ष्मणराव फाटक नावाचे एक गृहस्थ होते. ते पूर्वी रेल्वेत कारकून होते. या दोघांनी भागीदारी केली आणि रेल्वेची कंत्राटे घेतली. बार्शीकडची अरुंद रुळांची रेल्वे आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. तिच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली. एकाला कामाची माहिती, दुसऱ्याकडे घरचे भांडवल. जोडी जमली. पुढे खंडाळ्याच्या घाटातल्या बोगद्यांपर्यंत ही कामे गेली.

१९१९ साली त्यांनी आणखी मोठी उडी घेतली. नरोत्तम मोरारजी आणि इतर व्यापाऱ्यांबरोबर 'सिंदिया' नावाची जहाज कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे 'लॉयल्टी' नावाचे जहाज त्यांनी विकत घेतले. ५ एप्रिल १९१९ रोजी ते मुंबईहून इंग्लंडला निघाले. इंग्रज कंपन्यांना हे कसे खपावे? समुद्रावरचा व्यापार त्यांच्या मुठीत होता. त्यांनी भाडी उतरवून या कंपनीला जेरीस आणायचा प्रयत्न केला. तरी कंपनी टिकली. ५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात आजही सागरी दिन म्हणून पाळतात, तो या जहाजामुळे.

जहाजाची गोष्ट मोठी आहे, पण आपल्याला उसाकडे यायचे आहे.

१९२३ साली वालचंदांनी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगाव येथे सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली. जमीन कशी? खडकाळ माळ. लोक हसले असतील. व्यापाऱ्याने माळ कशाला घ्यावा? पण त्यांनी शेतीचे शिकलेले लोक आणले, माती तपासली, पाणी आणले, खत घातले. माळावर ऊस उभा राहिला. पुढे १९३३ साली तेथे रावळगाव शुगर फार्म ही कंपनी निघाली. पुढे तेथे गोळ्याही होऊ लागल्या. रावळगावच्या गोळ्या आपण सगळ्यांनीच खाल्ल्या आहेत. दुकानदार सुट्ट्या पैशांच्या बदल्यात हातावर ठेवत असे, त्या!

दुसरी जागा पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात. गावाचे नाव कळंब. जवळून नीरेचा कालवा जातो. मार्सलँड प्राइस नावाची बांधकामाची कंपनी वालचंदांच्या हाती होती. तिच्यामार्फत तेथे उसाची शेती सुरू झाली आणि मग साखर कारखाना उभा राहिला. कारखान्याभोवती वस्ती वाढली. तिचे नाव पडले वालचंदनगर.

आता एक हिशेब करू. पाटी घ्या. समजा एक कारखाना रोज १,००० टन ऊस गाळतो. हंगाम धरा १५० दिवसांचा. म्हणजे हंगामात लागला १,५०,००० टन ऊस. एका एकरात ३० टन ऊस निघाला असे धरू. तर एकर किती झाले? १,५०,००० भागिले ३०. उत्तर ५,००० एकर! शिवाय त्याच रानात दरवर्षी ऊस घेत राहिले तर जमीन थकते. मध्ये दुसरे पीक घ्यावे लागते. म्हणजे जमीन त्याहून जास्त हवी. आणि ती लांब असून चालत नाही. तोडलेला ऊस एक-दोन दिवसांत गाळला नाही तर वाळतो, वजन घटते, रसातली साखरही कमी होते. तोडणीवाल्यांना रात्री-अपरात्री गाडी भरायला उठवतात, ते यासाठीच. कापूस घरात ठेवून भाव पाहता येतो. उसाचे तसे नाही.

म्हणून साखरेच्या व्यापाऱ्याला नुसती यंत्रे घेऊन भागत नाही. त्याला जमीन लागते, पाणी लागते आणि हात लागतात. यंत्र पैशाने येते. जमीन कशी आणायची? काही विकत घेतली. पण बरीच जमीन कंपन्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतली. खंडाने म्हणजे ठरावीक वर्षांच्या कराराने, वर्षाला ठरावीक पैसे देऊन. अहिल्यानगर, पुणे, सातारा, सोलापूर, नाशिक या जिल्ह्यांत त्या काळी असे पुष्कळ करार झाले. एकट्या दोशींच्या कंपन्यांनीच नव्हे, त्या भागातल्या इतर साखर कंपन्यांनीही केले. शेतकऱ्याजवळ बैल नव्हते, भांडवल नव्हते. डोक्यावर कर्ज होते. वर्षाला घरबसल्या काही रुपये मिळतात म्हणून त्याने जमीन दिली. हे लक्षात ठेवा. पुढे याचेच मोठे प्रकरण झाले.

१९३२ साली सरकारने कायदा केला आणि बाहेरच्या साखरेवर भारी जकात ठेवली. जावाची साखर महाग झाली. मग काय, देशात कारखान्यांची रीघ लागली. तोवर आपल्या देशात पांढऱ्या साखरेचे कारखाने तीसच्या आसपास होते. चार-पाच वर्षांत ते १३० च्या वर गेले. दोशी घराण्याची हिंमत मोठी होती यात शंका नाही. पण त्या हिमतीला जकातीची भिंत आयती मिळाली, हेही सांगितले पाहिजे. नुसत्या हिमतीवर जावाच्या स्वस्त साखरेपुढे टिकणे अवघड गेले असते, असे आम्हांला वाटते.

कंपनी आणि पेढी यांत फरक काय? पेढीत पैसा घरचा. बुडाली तर घरदारही जाते. कंपनीत पैशाचे लहान लहान भाग पाडतात. त्याला शेअर म्हणतात. ज्याने जितके शेअर घेतले तितकी त्याची मते. कंपनी बुडाली तर शेअरचा पैसा जातो, घर जात नाही. घराण्याने पुरेसे शेअर आपल्याकडे ठेवले की पैसा दहाजणांचा येतो आणि कारभार मात्र घरात राहतो. वालचंद, त्यांचे भाऊ गुलाबचंद, रतनचंद, लालचंद, आणि पुढची पिढी, असा हा कारभार चालला. वालचंदांनी पुढे विमानाचा, जहाज बांधण्याचा आणि मोटारींचा कारखानाही उभारला. १९५३ साली ते वारले. त्यानंतर भावांनी आणि पुतण्यांनी धंदे सांभाळले.

देश स्वतंत्र झाला. १९६० साली महाराष्ट्र झाला. लोक विचारू लागले, ज्याच्याकडे हजारो एकर आहे त्याच्याकडे ती का राहावी? १९६१ साली महाराष्ट्रात जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा आला. बारमाही पाण्याची जमीन असेल तर एका कुटुंबाला १८ एकर, त्याहून जास्त नाही. या कायद्यात खाजगी साखर कंपन्यांचे मळेही आले. सरकारने ते घेतले. ते चालवायला १९६३ साली शेती महामंडळ काढले. रावळगावचा मळा गेला. वालचंदनगरचा मळा गेला, त्याला रत्नपुरी मळा म्हणतात. कारखाना मालकाकडे राहिला आणि जमीन सरकारकडे गेली.

येथे एक गोम होती. मळ्यांतली बरीच जमीन कंपनीची नव्हतीच. ती शेतकऱ्यांनी खंडाने दिलेली होती! मुदत संपली की ती परत मिळायची. पण ती कंपनीच्या कब्जात होती म्हणून मळ्याबरोबर सरकारच्या ताब्यात गेली. ज्याने जमीन दिली तो दोन-चार एकरांचा धनी. त्याची जमीन कायद्याच्या मर्यादेबाहेर कधीच नव्हती. तो बांधावर उभा राहून पाहत राहिला. कंपनी म्हणे, जमीन आता आमच्याकडे नाही. सरकार म्हणे, कायद्याने घेतली.

या शेतकऱ्यांना खंडकरी म्हणतात. त्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले, कोर्टात गेले. बाप गेला, मुलगा लढला. मुलगा म्हातारा झाला, नातू लढला. शेवटी सरकारने कायदा बदलला आणि २०१२ सालापासून खंडकऱ्यांना जमिनी परत मिळू लागल्या. १९६३ ते २०१२. किती वर्षे झाली ते पाटीवर काढा. ४९ वर्षे! जमीन परत घेताना मूळ कोणाच्या नावे होती, वारस कोण, हे कागदावरून दाखवावे लागले. आजोबांच्या पेटीतला जुना सातबारा, खंडाचा करार, फेरफाराची नक्कल, असे पिवळे पडलेले कागद लोकांनी शोधून काढले.

मळ्यांवर राबणारे कामगारही होते. त्यांच्या दोन-तीन पिढ्या त्या चाळींत गेल्या. जमीन ना त्यांची होती, ना त्यांना परत मिळायची होती. घरापुरते दोन गुंठे तरी द्या, अशी मागणी ते करीत राहिले. घराण्यांचे आणि कंपन्यांचे इतिहास छापले जातात, त्यांत या लोकांना एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ.

वालचंदनगरचे पुढे काय झाले? तेथल्या लोकांनी साखरेबरोबर साखर कारखान्यांना लागणारी यंत्रेही बनवायला घेतली. मोठाली चाके, चरक, बॉयलर. ती यंत्रे देशात आणि परदेशांतही गेली. पुढे अवकाशात अग्निबाण सोडणाऱ्या आपल्या सरकारी संस्थेसाठीही तेथे भाग तयार झाले. ऊस गाळायला निघालेली कंपनी लोखंडाच्या कामात जास्त नावारूपाला आली. आणि रावळगावच्या गोळ्या? २०२४ साली त्या गोळ्यांची नावे, म्हणजे तो छाप वापरण्याचा हक्क, रिलायन्सच्या एका कंपनीने २७ कोटी रुपयांना विकत घेतला. ज्या खडकाळ माळावरून हे सगळे सुरू झाले, त्याचे नाव आता दुसऱ्याच्या वहीत आहे.

मावशींच्या प्रश्नाचे हे अर्धेच उत्तर झाले. घराण्याच्या कारखान्याशेजारी दुसऱ्या प्रकारचा कारखानाही उभा राहिला होता. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी गावी विठ्ठलराव विखे पाटील नावाचे शेतकरी होते. शिक्षण थोडे, पण माणूस खंबीर. त्यांनी खेड्याखेड्यांत फिरून शेतकऱ्यांकडून भागाचे पैसे जमवले. धनंजयराव गाडगीळ हे मोठे अर्थशास्त्रज्ञ त्यांच्या पाठीशी राहिले. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. सहकारी म्हणजे काय? येथे शेअर कितीही असोत, माणसाला मत एकच. शंभर शेअरवाल्यालाही एक आणि एका शेअरवाल्यालाही एक. ज्याचा ऊस त्याचाच कारखाना, असा विचार. मळा विकत घ्यायला नको की खंडाने घ्यायला नको. सभासदांची शेते हाच मळा!

हा विचार महाराष्ट्रभर पसरला. आपल्या मराठवाड्यात तो उशिरा आला. कारण आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि आपल्या काळ्या रानात कापूस-ज्वारी भरपूर, पण पाणी कोठे होते? येलदरी-सिद्धेश्वरची धरणे झाली, पैठणचे जायकवाडी १९७६ साली खुले झाले, डावा कालवा परभणीपर्यंत आला, तेव्हा कोठे ऊस दिसू लागला. मग वसमतला पूर्णा सहकारी कारखाना झाला. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, १९९९ पासून हिंगोलीत आहे. इतर ठिकाणीही कारखाने निघाले. पण मराठवाड्यातले काही सहकारी कारखाने कर्जात बुडाले. काही बंद पडले. काही भाड्याने किंवा विकत खाजगी कंपन्यांकडे गेले. एक माणूस एक मत हे कागदावर होते. पण सभेची नोटीस वाचणारे थोडे आणि हात वर करणारे फार, असे पुष्कळ ठिकाणी झाले. म्हणजे आपल्याकडे गाडी पुन्हा कंपनीपाशीच आली.

कारखाना कंपनीचा असो की सहकारी, एक नियम दोघांनाही आहे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला सरकारने ठरवलेला भाव मिळाला पाहिजे, उशीर झाला तर व्याज दिले पाहिजे. तोडणीवाल्याचे मात्र वेगळे. त्याचा व्यवहार बहुधा मुकादमाशी. दसऱ्याआधी नवरा-बायकोच्या जोडीला उचल मिळते. या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसे, पण मोजायचे एक हत्यार! मग हंगामभर टनावर मजुरी लागते आणि ती उचलीत वळती होते.

त्या मावशी पाडव्यानंतर परत आल्या. चेहरा उन्हाने रापलेला, हाताला चिरा. वर्गात आल्या आणि कमरेची पिशवी सोडून एक चुरगळलेला कागद पुढे ठेवला. काट्यावरची वजनाची पावती होती. "भरलेल्या गाडीचं वजन वाचलं, रिकाम्या गाडीचं बी वाचलं," त्या म्हणाल्या. "येकातून येक वजा केलं. पर खाली ह्यो शब्द हाय, त्यो काई लागंना." आम्ही पाहिले. शब्द होता 'वजावट'. पाचट, मुळ्या, माती यांच्यापोटी वजनातून काही किलो कमी केले होते. आम्ही तो शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिला. व, जा, व, ट. त्यांनी तो तीनदा गिरवला, मग पावतीवरच्या आकड्याशेजारी बोट ठेवून विचारले, "हे किती कापायचं, हे कोन ठरवतं?"

वजावट, उचल आणि टनाचा दर यांचा हिशेब आपण पुढच्या पाठात मांडू. येताना ज्यांच्याजवळ पावत्या असतील त्यांनी घेऊन याव्यात.